उन्हात ठेवलेलं कार्ड

पडदा काळाच राहिला.

काकांनी मशीन बंद केलं, जरा थांबले आणि पुन्हा चालू केलं. आत पंखा घरघरला, पुढचा हिरवा दिवा लागला. पडदा मात्र काळाच. त्यांनी मशीन परत बंद केलं, तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला आणि मधेच मागे घेतला. तो उजवा हात त्यांनी डाव्या हातानं धरून मांडीवर ठेवला, एखादं परक्याचं सामान ठेवावं तसा.

"गेलं," ते म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं."

दारात उभ्या असलेल्या काकूंनी ते ऐकलं. कार्ड गेलं याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. पण हे वाक्य ऐकायची वेळ येऊ नये म्हणून तर त्यांनी हा सगळा घाट घातला होता. आणि आता गिऱ्हाईक कुठल्याही क्षणी दार वाजवणार होतं.

गल्लीत काकांना सगळे टायटलवाले म्हणत. लग्नाच्या, दुकानाच्या उद्घाटनाच्या, शाळेच्या समारंभाच्या शूटिंगला नावं घालून द्यायचा त्यांचा धंदा. नवरानवरीची नावं आकाशातून गिरक्या घेत यायची, एकमेकांवर आदळायची आणि त्यांची फुलं व्हायची. सगळं पुढच्या खोलीतल्या या एका कॉम्प्युटरवर, घरात त्याला मशीनच म्हणत. सुरुवातीला मशीन इतकं मंद होतं की काकू भाजी निवडून, चिरून, शिजवून परत यायच्या, तरी नवरीचं नाव अर्धंच वळलेलं असायचं. मग काकांनी हे कार्ड आणलं. मशीनच्या पोटात एक फट होती, तिच्यात ते दाबून बसवायचं. त्याच्यावर स्वतःचा वेगळा प्रोसेसर. मशीनच्या मूळच्या मेंदूला ते सांगणार, तू बस गप्प, मी बघतो. काकू त्याला मशीनचा जावई म्हणायच्या. बाहेरून आला आणि सगळा कारभार हातात घेऊन बसला.

जावयानं संसार मात्र चांगला चालवला. लेकीचं शिक्षण त्याच्या जिवावर झालं. पुढे लोक टायटलं मोबाइलवर करायला लागले, काम आटलं. काकांनी कार्ड काढून खोक्यात ठेवलं, खोकं माळ्यावर गेलं. काम नसलं तरी मशीन पुसणं, उघडणं, इकडचं तिकडे करणं चालूच असायचं. शेजारपाजारचे रेडिओ, पंखे, घड्याळं यायची. हात रिकामे नसायचे.

मागच्या थंडीत काकांना अर्धांगाचा झटका आला. देवाच्या कृपेनं बोलणं परत आलं, चालणं परत आलं. उजवा हात तेवढा अर्धामुर्धाच आला. व्यायाम शिकवणारी बाई बजावून गेली, "हाताला काम द्या. बारीकसारीक काम द्या. हात वापराल तेवढा सुधारेल." काकांनी हाताला कामच दिलं नाही. चमचा डाव्या हातात गेला. शेजारचा कुणी घड्याळ घेऊन आला की "आता नाही जमत" म्हणून दारातूनच परत. मशीनवर चादर पडली. काकू काही बोलायला गेल्या की एकच उत्तर, "हात गेला माझा. उगीच खोटी आशा लावू नकोस."

ओरडले असते, चिडले असते, तरी काकूंना चाललं असतं. ते इतक्या शांतपणे बोलत की त्याचीच भीती वाटायची.

मग काकूंनी लेकीशी फोनवर संगनमत केलं. एका संध्याकाळी सहज आठवल्यासारखं म्हणाल्या, "अहो, ते कार्ड माळ्यावर धूळ खात पडलंय. विकून टाकू या का? तुमची लेक म्हणते, असल्या जुन्या वस्तूंसाठी वेडे झालेले लोक असतात."

"विका."

"पण चालू आहे हे समोर दाखवायला लागेल ना. ते कोण दाखवणार? मी? मला फट सापडायची नाही."

काकांनी मशीनवरच्या चादरीकडे बघितलं. मग म्हणाले, "बघू."

त्या "बघू"वर काकूंनी देवापुढे दोनदा डोकं टेकलं. लेकीनं इंटरनेटवर जाहिरात टाकली, फोटो टाकला, खाली लिहिलं : चालू स्थितीत, समोर चालवून दाखवू.

आणि आज सकाळी काकांनी खरंच चादर काढली होती. मशीन उघडलं होतं. उजव्या हाताला डाव्याचा आधार देत, घाम पुसत, सगळं लक्ष बोटांत गोळा करून कार्ड फटीत बसवलं होतं. एवढ्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच हाताला काही मागितलं होतं आणि हातानं ते दिलं होतं. काकू स्वयंपाकघरातून कान लावून होत्या. मग हा काळा पडदा.

"तुमच्या हातानं कशावरून?" काकू म्हणाल्या. "जुनंच आहे ते. पडून पडून गेलं असेल."

"माळ्यावर ठेवलं तेव्हा चांगलं होतं. मी बसवलं आणि गेलं. मला समजावू नकोस."

दार वाजलं.

गिऱ्हाईक म्हणजे चाळिशीचा एक सडपातळ माणूस, खांद्याला मोठी पिशवी. बूट काढता काढताच बोलायला लागला. "नमस्कार काका. मी दातांचा डॉक्टर. पण बायको म्हणते, तुम्ही दात कमी आणि भंगार जास्त काढता." स्वतःच हसला. मग उघडं मशीन पाहून त्याचा आवाज एकदम खाली आला. "अरे वा. केवढं जपलंय. चालू करा ना."

काका उठले नाहीत. "कार्ड बंद आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे चालत नाही."

डॉक्टरांचं हसू उतरलं. "काका, जाहिरातीत चालू लिहिलंय. मी दवाखाना बंद ठेवून आलोय. एका बाईची दाढ ठणकतेय, तिला उद्यावर ढकललंय."

"चुकलं," काका म्हणाले. "बसवताना मी मोडलं. हाताला कंप आहे माझ्या. तुमची खेप फुकट गेली." थोडं थांबून ते त्याच सपाट आवाजात म्हणाले, "असं करा. कार्ड असंच घेऊन जा, पैसे नकोत. हे मशीनही न्या. माझ्या डोळ्यांसमोर नको ते आता."

"अहो!" काकूंच्या तोंडून निघालं.

"मशीनसुद्धा?" डॉक्टर म्हणाले. त्यांची नजर मशीनवरून फिरली आणि काकूंना ती बरोबर कळली. बाजारात उतरत्या भावाची टोपली दिसली की आपलीही नजर अशीच फिरते. "म्हणजे, तुमची इच्छा असेल तर… गाडी खालीच आहे."

"न्या. हिला विचारू नका. मी सांगतोय ना."

काकूंना वाटलं, आपणच आपल्या हातानं हे घडवून आणलं. कार्ड माळ्यावरच राहिलं असतं तर निदान मशीन तरी चादरीखाली राहिलं असतं. उद्यापासून ही खोली रिकामी, आणि त्या रिकाम्या खोलीत हे असेच हात मांडीवर ठेवून बसणार. देवा, काही तरी कर. काय कर ते मलाही कळत नाही, पण काही तरी कर.

डॉक्टर मशीनमागची वायर गुंडाळायला वाकले. पण आधी त्यांनी फटीतून कार्ड उपसलं आणि सवयीनं खिडकीकडे धरून पाहिलं, दाताचा फोटो पाहतात तसं. पाहता पाहता थांबले.

"काका," ते म्हणाले, "या चिपवरची पट्टी कुठं गेली?"

"कुठली पट्टी?"

"ही बघा ना. हिच्या पोटावर काचेची खिडकी आहे. यावर काही तरी चिकटवलेलं असणार. असतंच."

काकांनी चष्मा सारखा करून पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "होती. काळी पट्टी. मीच लावली होती."

"मग काढली कुणी?"

काका कार्डाकडे बघत राहिले. "मीच काढली असेन," ते म्हणाले. "दुसरं कोण काढणार? मला आठवत नाहीये." मग अगदी हळू, "म्हणजे नुसता हात नाही. डोकंही चाललंय माझं."

काकूंनी कार्डावरून नजर काढली.

पट्टी काकूंनीच काढली होती. कार्ड माळ्यावरून काढलं तेव्हा त्यावर धुळीचा थर होता आणि ती काळी पट्टी तर विरघळून चिकट झाली होती, बोटाला तार येत होती. व्हीसीआरच्या आतलं टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसायचं काम या खोलीत कायम काकूंचं. काका सगळ्यांना सांगायचे, माझ्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नाही, हिचा चालतो. त्याच हातानं काकूंनी पट्टी खरवडून काढली, खाली छान गोल काच निघाली, ती कापसानं चकचकीत केली. आणि इतकी वर्षं कोंदट माळ्यावर होतं, दमट झालं असेल, म्हणून आठवडाभर रोज गच्चीवर कडक उन्हात ठेवलं. उशांना ऊन दाखवतात तसं.

"पट्टीनं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"या चिपमध्ये कार्डाला लागणाऱ्या सूचना लिहिलेल्या असतात, काकू. मशीन चालू झाल्यावर काय काय करायचं ते. खिडकीतून कडक उजेड आत गेला की त्या पुसल्या जातात. म्हणून वर पट्टी. घरातल्या उजेडाला पुसायला वर्षं लागतील. सरळ उन्हात ठेवलं तर काही दिवसांत कोरी. पण असलं कार्ड उन्हात ठेवणार कोण?"

काकूंनी फक्त गप्प राहायचं होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. परक्या माणसासमोर आपली अक्कल निघाली नसती, आणि या घरात इतकी वर्षं मिळवलेला तो एक मान, हिचा हात चालतो, तोही शाबूत राहिला असता. आणि विक्रीची टूम खरी कशासाठी होती, तेही झाकलेलं राहिलं असतं. समोर काका कपाळाला हात लावून बसले होते, न केलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न करत.

"मी," काकू म्हणाल्या.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"मी ठेवलं उन्हात. पट्टीही मीच काढली. यांचा हातच लागला नाही तिला. यांनी कार्ड आज सकाळी पहिल्यांदा हातात घेतलं."

काकांनी मान वर केली. "उन्हात?"

"गच्चीवर. आठवडाभर. दमट झालं असेल म्हणून."

"दमट?" काका उभे राहिले. "अगं, कार्ड आहे ते! गादी आहे का ऊन दाखवायला? आणि पट्टी? ती कुणाला विचारून काढलीस?"

"चिकट झाली होती."

"चिकट झाली म्हणून काढायची? मी चिकट झालो तर मलाही काढशील!"

"तुम्ही मला कधी सांगितलं होतं ती कशाला आहे ते?"

"तू विचारलं होतंस?"

"विचारलं होतं! तुम्ही म्हणालात, झाकण आहे, तुला काय करायचंय?"

"मग कशाला हात लावलास?"

"गिऱ्हाइकासमोर घाणेरडं कसं ठेवायचं?"

डॉक्टर खाली वाकून आपल्या पिशवीच्या चेनशी उगीचच खेळत होते. काका काकूंच्या तोंडासमोर बोट नाचवत होते आणि काकू त्या बोटाकडे बघत होत्या. उजव्या हाताचं होतं. थरथरत होतं, पण नाचत होतं. कितीतरी महिन्यांनी या घरात कुणी तरी कुणावर तरी ओरडत होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं ते बोलणं लागलं म्हणून, असंच दोघांनाही वाटलं असणार.

मग काका एकदम थांबले. "म्हणजे," ते डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "मी बसवलं ते बरोबर बसलं होतं?"

"तसं लगेच नाही सांगता येणार," डॉक्टर सावधपणे म्हणाले. "चिप कोरी निघाली तर दोष तुमचा नाही. कोरी नसेल तर मग…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "चिप वाचायचं आणि भरायचं यंत्र आहे माझ्याकडे. जुनं काही बघायला निघालो की बरोबर ठेवतोच. पण चिप कार्डावरून सुटी करायला लागेल."

"करा."

"मी नाही. तुम्ही करा."

"तुम्ही दात काढता रोज!"

"काका, दाढेचं मूळ तुटलं तर ते मागून काढता येतं. चिपचा पाय तुटला की खेळ खलास. मागच्या महिन्यात अशीच एक तोडून बसलोय." त्यांनी पिशवीतून बारीक चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर काढून पुढे केला.

काकांनी तो घेतला नाही. डॉक्टरांनी मागे घेतला नाही. काकूंच्या ओठांवर आलं होतं, घ्या हो. त्यांनी जीभ दाताखाली धरली.

शेवटी काकांनी डाव्या हातानं स्क्रूड्रायव्हर घेतला. कार्ड टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली. डाव्या हातानं एक-दोनदा टोक चिपखाली घालायचा प्रयत्न केला, जमेना. मग काही न बोलता त्यांनी तो उजव्या हातात दिला.

चिपचे दोन्ही बाजूंचे पाय बारीक भोकांत रुतून बसलेले. एका टोकाकडून केसभर उचलायचं, मग दुसऱ्या टोकाकडून केसभर. एका बाजूनं जास्त उचललं की पाय वाकणार. काकांनी एक टोक उचललं. दुसरं उचललं. पुन्हा पहिल्याकडे वळताना हात उडाला, स्क्रूड्रायव्हर सटकला आणि कार्डावरून खर्रकन गेला.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "वरचा रंगच खरवडलाय. तार शाबूत आहे. बहुतेक."

काकांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ खाली आला. काकूंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पुढचं मागणं मागितलंच नाही, कारण काय मागायचं ते आता त्याला ठाऊक होतं.

"अगं," काका म्हणाले, "तो टेबलावरचा दिवा उचलून इथं धर. सावली पडतेय माझीच."

काकूंनी दिवा धरला.

"स्थिर धर. तुझा हात का हलतोय?"

"नाही हलत."

"हलतोय. सगळी खोली हलतेय."

त्यांनी उजवं मनगट डाव्या मुठीत पकडलं, टोक पुन्हा आत घातलं. इकडून केसभर, तिकडून केसभर. काकूंचा खांदा भरून आला, पण त्यांनी हात बदलला नाही. मग एक बारीकसा आवाज झाला, आणि चिप सुटी होऊन काकांच्या बोटांत आली. सगळे पाय सरळ.

डॉक्टरांनी ती आपल्या यंत्रात बसवली, लॅपटॉपच्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकायला लागल्या. ते त्या पुन्हापुन्हा वरखाली सरकवून बघायला लागले.

"बोला की हो," काकूंना राहवलं नाही.

"इथं थोडं उरलंय. पुढे सगळं एकसारखं. म्हणजे कोरं. गेलंय पुसून." त्यांनी लॅपटॉप काकांकडे वळवला. "काका, ही चिप लावून कुणीही कार्ड बसवलं असतं तरी पडदा काळाच आला असता."

काकांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. काकूंकडे बघितलं नाही. "पुन्हा भरता येईल?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांच्या एका मित्राकडे हेच कार्ड होतं. त्याला फोन लागला तेव्हा तो जेवत होता. "हात धू आणि आत्ताच्या आत्ता पाठव," डॉक्टर त्याच्यावर खेकसले. "नाही, जेवून नाही. आत्ता." थोड्या वेळानं त्याच्या चिपमधल्या सूचनांची प्रत आली, यंत्रानं ती चिपवर चढवली, डॉक्टरांनी खिडकीवर नवी पट्टी लावली आणि काकूंकडे बघून म्हणाले, "ही चिकट झाली तरी चालेल हं." काकूंना हसावं की नाही ते कळेना.

चिप काकांनीच बसवली, काकूंनी पुन्हा दिवा धरला. कार्ड फटीत घातलं. बटण दाबलं.

पंखा. हिरवा दिवा. काळा पडदा.

डॉक्टर अस्वस्थ होऊन म्हणाले, "वेळ लागतो का याला?"

"नाही," काका म्हणाले.

काकू त्या पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या. गेलं. माझ्याच हातानं गेलं. त्यांनी दिवा घट्ट धरला.

काकांनी बटण बंद केलं, मान तिरकी करून फटीत डोकावले. "डावीकडून वर राहिलंय," ते म्हणाले. "मघाशी दमलो होतो. काढून परत लावतो."

काढलं. परत लावलं. या वेळी दोन्ही तळहात कार्डाच्या कडेवर ठेवून, खुर्चीतून अर्धवट उठून, अंगाचा भार दिला. आत कुठं तरी खट् झालं. बटण.

पडदा आधी करडा झाला. मग निळा. मग डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उमटली आणि भराभर ओळी सुटल्या.

डॉक्टर "अहाहा" म्हणून खालीच बसले. काकूंनी दिवा टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकल्या.

ठरलेले पैसे डॉक्टरांनी टेबलावर ठेवले. मशीनचं नाव पुन्हा कुणीच काढलं नाही, त्यांनीही नाही, हा त्यांचा चांगुलपणाच. काकांनी कार्ड काढून कागदात गुंडाळलं आणि देताना हातातून सोडेचनात.

"तुमच्या मशीनमध्ये हे बसवणार कोण?"

"मीच."

"म्हणजे मोडलंच. दाबायला भ्याल आणि डावीकडून वर ठेवाल."

"मग तुम्ही या ना, काका. रविवारी गाडी पाठवतो. घरी अजून दोन मशीनं मरून पडलीयत, तीही बघा."

काकांनी उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली.

"बघतो म्हणत नाही," ते म्हणाले. "येतो. पण माझ्या गतीनं होईल. घाई केलीत तर उठून येईन."

डॉक्टर गेल्यावर काका मशीनचं झाकण लावायला बसले. स्क्रू दाण्याएवढे. पहिला लागला. दुसरा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा लागला. जेवण निवत होतं. काकू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. दिवसभरात त्यांना इतकं अवघड काही गेलं नव्हतं. तिसरा स्क्रू बोटांतून निसटला, टणटण करत कपाटाखाली गेला.

काकू पुढे झाल्या.

"थांब," काका म्हणाले. "तू नको. तुझ्यावर मी अजून चिडलोय."

ते टेबलाला धरून हळूहळू गुडघ्यांवर बसले आणि हात कपाटाखाली घातला.

"दिसतोय का?" काकूंनी विचारलं.

"हाताला लागलाय. गप्प बस जरा."